मधल्या सीटवरचे मामा

गणपतीला कोकणात निघालेल्या कुठल्याही गाडीत डोकावून पाहा. पुढे डावीकडे मांडीवर डबे घेतलेली बाई असते. उजवीकडे क्लचवर पाय झिजवणारा माणूस असतो. मागे खिडकीशी डोळे मिटून जपाचं निमित्त केलेली आजी असते. आणि मागच्या सीटच्या मधोमध, जिथे कुणालाच बसायचं नसतं तिथे, गुडघे छातीशी घेऊन एक गृहस्थ बसलेले असतात. गावाला त्यांचं घर नसतं, गणपती त्यांचा नसतो, आरतीच्या ताटापाशीही त्यांना कुणी बोलावत नाही. त्यांना पोर रमवायला आणलेलं असतं.

आमच्या गाडीत हे पद माझ्या मेव्हण्यांकडे आहे. बायकोचे थोरले भाऊ, तेव्हा मी त्यांना दादा म्हणायला हवं; पण चिरंजीव झाल्यापासून ते घरात, सोसायटीत आणि पळस्पे फाट्यावरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांचेच मामा होऊन बसले आहेत. माझी आईसुद्धा त्यांना "अहो मामा" अशीच हाक मारते. वय पंचावन्नच्या पुढेमागे, नोकरी बँकेत कॅशवर. दिवसभर काचेआड गप्प बसून नोटा मोजायच्या. ती सगळी गप्प बसलेली वर्षं ते आमच्या गाडीत भरून काढतात. मामी प्रवासाला कधीच येत नाहीत. "तुम्ही या जाऊन, मला घरी बरं वाटतं," असं त्या हसून म्हणतात. त्या हसण्याचा अर्थ मला कर्नाळ्याच्या पुढे गेल्यावर कळला.

श्रावण लागला की मामांचा फोन येतो. "भावोजी, यंदा कधी निघताय? मी रजा टाकलीय." त्यांना कुणी बोलावलंय का, हा प्रश्नच त्यांच्या लेखी उद्भवत नाही. डोंबिवली ते कणकवली म्हणजे चारशेच्या वर किलोमीटर, गणपतीची गर्दी आणि चार वर्षांचं पोर. अशा वेळी मामांशिवाय आपण निघूच कसे शकतो, हे त्यांना खरोखरच कळत नाही.

मामांची पिशवी बघण्यासारखी असते. कुठल्याशा लग्नात मिळालेली कापडी पिशवी, वर नवऱ्यामुलीचं नाव अर्धं पुसलेलं. आत चार मोठे रुमाल, एक सुतळीचा गुंडा, आवळा सुपारी, आलेपाकाच्या वड्या, झाकणाची रिकामी बाटली (हिचा उपयोग नाक्यावर गाडी अडकल्यावर कळतो, आणि तो फक्त मुलग्यांच्या आयांना माहीत असतो), प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चवड आणि चुरमुरे. चुरमुरेच का, तर मामांचं गणित पक्कं आहे. चकली दिली की दोन मिनिटांत फस्त, वर सीटवर चुरा. वाटीभर चुरमुरे एकेक करून, प्रत्येकाला नाव ठेवून खायला लावले, तर नागोठण्यापासून कोलाडपर्यंत पोर हलत नाही.

रुमालाचा उंदीर हा मामांचा हुकमी प्रयोग. रुमालाचा त्रिकोण, त्रिकोणाची वळी, वळीचं एक टोक ओढून शेपूट, दुसऱ्या टोकाला गाठ मारून कान. मग तो उंदीर डाव्या तळहातावर निजवायचा, उजव्या हाताने त्याला कुरवाळायचं आणि कुणाचं लक्ष नसताना डाव्या हाताच्या मधल्या बोटाने खालून टिचकी द्यायची. उंदीर सरसर कोपरापर्यंत चढतो. चिरंजीव किंचाळतात. मामा त्यांच्यापेक्षा मोठ्याने किंचाळतात, कारण उंदराला घाबरल्याशिवाय त्यात मजा नाही. कर्नाळ्याच्या वळणावर हा उंदीर एकदा नको इतका जोरात उडाला आणि माझ्या मानेवर येऊन बसला. मी गाडी कशी सावरली ते मलाच ठाऊक. मागून मामा कौतुकाने म्हणाले, "बघ सोन्या, बाबासुद्धा घाबरले!"

चिरंजीव डावीकडच्या खिडकीशी आपल्या खास सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेले असतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, हे मामांनीच आम्हाला सांगितलं, सीट घ्यायलाही तेच आले आणि दुकानदारासमोर तिच्यात बसून बघायचं त्यांनी जेमतेम टाळलं. त्यामुळे पोर जागचं हलत नाही. गाडीत इकडून तिकडे होतात ते मामा. गाय डावीकडे असली की ते चिरंजीवांच्या अंगावरून खिडकीला नाक लावतात, देऊळ उजवीकडे असलं की आईच्या जपमाळेवरून.

मोबाइल मात्र त्यांच्या राज्यात बंद. यामागे संस्कार वगैरे काही नाही, शुद्ध शरीरशास्त्र आहे. चालत्या गाडीत मान खाली घालून पडदा बघितला की डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, आणि दोघांचं भांडण पोटाला निस्तरावं लागतं. दोन वर्षांच्या आतल्या पोरांना सहसा गाडी लागत नाही. दोन ते बारा हा खरा धोक्याचा काळ. म्हणून नजर बाहेर, लांब, शक्यतो समोर. हे सगळं मामा इतक्या तपशिलात जाऊन, पिशव्यांची चवड मांडीवर ठेवून सांगतात की ऐकणाऱ्याला तिथेच मळमळायला लागतं.

गंमत अशी की चिरंजीवांना आजवर एकदाही गाडी लागलेली नाही. लागते ती मामांना. बायकोने हे मला एकदा स्वयंपाकघरात, दार लोटून घेऊन सांगितलं. लहानपणी एस.टी.च्या प्रत्येक घाटात दादाची मान खिडकीबाहेर असायची. शेवटी एका कंडक्टरने त्याला आपल्याजवळ बसवून घेतलं आणि सांगितलं, समोर रस्त्याकडे बघायचं आणि काहीतरी बोलत राहायचं. मामा अजून बोलताहेत.

हे कळल्यावर माझा राग निम्म्याने उतरला. उरलेला निम्मा कायम आहे, कारण या सगळ्या खेळांत मलाही घेतात. मूल एकट्याने रमत नाही, सगळ्यांनी भाग घेतला पाहिजे, असं मामांचं मत आहे. गाडी चालवणारा म्हणजे त्यांच्या हिशेबी एक रिकामा बसलेला गडी. वडखळ नाक्यावर रांगेत उभे असताना प्राण्यांच्या आवाजांचा खेळ रंगला होता. बायकोने मांजर केलं, आईने नाइलाजाने कोंबडी केली, आणि "भावोजी, म्हैस!" अशी आज्ञा झाली. मीही एव्हाना पेटलो होतो. मान वर करून पोटातून हंबरलो तेव्हाच काच खाली होती आणि काचेशी एक वाहतूक हवालदार वाकून उभा होता. त्याला फक्त गाडी डावीकडे घ्यायला सांगायचं होतं. तो काहीही न बोलता दोन पावलं मागे सरला आणि त्याने हातानेच खूण केली. मागून चिरंजीवांनी निकाल दिला, "बाबांची म्हैस खोटी होती."

पोरांच्या प्रवासातला खरा शत्रू एकच, "आलं का गाव?" हा प्रश्न. तो पहिल्यांदा आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी येतो. "अजून आठ तास" हे उत्तर चार वर्षांच्या माणसाला निरुपयोगी असतं. त्याच्या लेखी आठ तास आणि आठ वर्षं यांत काही फरक नाही. इथे मात्र मामांची अक्कल मी मानतो. ते तास सांगत नाहीत, किलोमीटर सांगत नाहीत, नद्या सांगतात. पेणची भोगावती, नागोठण्याची अंबा, कोलाडची कुंडलिका, महाडची सावित्री, खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरची शास्त्री, मग काजळी, राजापूरची अर्जुना. एकेक पूल आला की एकेक बोट दुमडायचं, आणि गाव किती लांब ते पोराच्या हातातच असतं. जगबुडीवर चिरंजीवांचा विशेष लोभ. कुणाचं जग बुडालं, ते बुडाल्यावर माणसं कुठे गेली, त्यांची गाडी कुठे गेली, या चौकशीवर पंधरा-वीस किलोमीटर सहज निघतात.

या पद्धतीत खोट एकच, आणि ती भाद्रपदात उघडी पडते. त्या दिवसांत कोकणातला प्रत्येक वहाळ दुथडी भरून वाहत असतो. मामा म्हणतात, "हा वहाळ आहे, हा धरायचा नाही." चिरंजीव म्हणतात, "पाणी आहे. पूल आहे. नदी आहे." मुद्दा बिनतोड. पनवेलला नऊ नद्या राहिल्या होत्या, नागोठणं ओलांडेपर्यंत त्या बारा झाल्या. गाव मागे मागे सरकत चाललंय हे पोराच्या ध्यानात आलं आणि त्याने जो सूर लावला, त्यावर रुमाल, सुतळी, चुरमुरे काहीही चालेना.

आईने एक डोळा उघडला. "आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचो," ती म्हणाली. "पोरांना कोण रमवत बसलं होतं? बोट लागायची, ओकायची, झोपायची. देवगड आलं की उठायची." आणि तिने डोळा मिटला.

मामांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचा खेळ काढला. ट्रकच्या मागचं लिखाण वाचायचं. हा खेळ त्यांनी सातारा-कोल्हापूरच्या रस्त्यावर चांगला घोटून घेतला होता. आईवडिलांचे आशीर्वाद, गावच्या देवाची नावं, जळणाऱ्यांना दिलेले इशारे यांची एक वहीच त्यांच्याकडे आहे. "हॉर्न ओके प्लीज" लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, तरी ते दिसलं तर त्याला दहा गुण ठेवलेले. पण गणपतीच्या दिवसांत या रस्त्यावर अवजड वाहनांनाच बंदी असते. दूध, भाजी, इंधन, गॅस नेणाऱ्यांना तेवढी सूट. तासाभरात एक दुधाचा टँकर दिसला आणि त्याच्या पाठीवर "दूध" एवढंच लिहिलेलं होतं. मग मामांनी नियम फिरवला. एस.टी. दिसली की टाळी. आता गणपतीला महामंडळ हजारांनी जादा गाड्या कोकणात सोडतं, त्या सगळ्या याच रस्त्याने जातात. इंदापूर येईपर्यंत टाळ्या एवढ्या झाल्या की बाजूच्या गाडीतल्या लोकांना आमच्याकडे आरती चालू आहेसं वाटलं असावं. आईचे तळवे लाल झाले. तीही टाळ्या वाजवत होती, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

माणगावच्या अलीकडे गाड्या थांबल्या. थांबल्या म्हणजे लोकांनी इंजिनं बंद केली, दारं उघडली, कुणी रस्त्यावर सतरंजी घालून घावणे काढले. नंबरप्लेटचा खेळ तिथे संपलाच. एरवी पनवेलची ४६, नवी मुंबईची ४३, ठाण्याची ०४, कल्याणची ०५ अशा पाट्या ओळखण्यात वेळ जातो आणि रत्नागिरीची ०८ दिसली की घर जवळ आल्यासारखं होतं. पण इथे डोळ्यांसमोर एकच ०४ होती आणि ती हलायचं नाव घेत नव्हती. चिरंजीवांनी तिचे चारही आकडे पाठ केले, मग उलटे पाठ केले.

आणि त्या गाडीच्या मागच्या काचेत एक दोन वेण्यांची मुलगी उगवली. तिने जीभ काढून दाखवली. चिरंजीवांनी लगेच काढली. तिने काचेला नाक दाबून त्याचं डुक्कर केलं. यांनीही केलं. गाड्या थांबलेल्याच आहेत म्हणून बायकोने पट्टे सोडले, तर साहेब पुढच्या दोन सीटांच्या मधे येऊन उभे राहिले आणि मामांकडे पाठ करून पुढचा अर्धा तास हाताने, भुवयांनी, गालांनी त्या मुलीशी बोलत राहिले. त्यात ना रुमाल होता, ना गुण, ना पाळी. गाडीत पहाटेपासून पहिल्यांदाच कुणी बोलत नव्हतं. मी मान मागे टेकली.

मामांचा चेहरा मात्र बघवत नव्हता. त्यांनी उंदीर काढला. कुणी बघितलं नाही. सुतळी काढून बोटांत विणली, सोडली. आलेपाकाची वडी तोंडात टाकली. शेवटी "काय झालंय ते पुढे बघून येतो" म्हणून आईच्या गुडघ्यांवरून उतरले.

पुढच्या गाडीच्या मागच्या दारातून, अगदी त्याच वेळी, एक गृहस्थ उतरत होते. तेही मधल्या सीटवरून उठलेले, कारण दोन्ही हात कमरेवर ठेवून आधी बराच वेळ ते नुसते ताठ झाले. खांद्याला पिशवी. पिशवीतून डोकावणारी पिपाणी. ते त्या मुलीचे काका निघाले.

दोघांनी एकमेकांच्या पिशव्यांकडे पाहिलं. पाच मिनिटांनी ते एका टेम्पोच्या आडोशाला कटिंग चहा घेत उभे होते आणि मामा त्यांना उंदीर शिकवत होते. काकांनी त्याबदल्यात बाटलीचं झाकण नाण्यासारखं गायब करून दाखवलं. मामांनी ते पुन्हा करायला लावलं. मग काकांनी पिशवीतून मोजे काढले, त्यांना बटणांचे डोळे शिवलेले. मामांनी ते हातात घालून पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत जे काही आलं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. चुरमुरे की राजगिऱ्याचे लाडू, यावर मतभेद झाले. लाडू चिकट होतो हे काकांनी मान्य केलं, पण तोंड जास्त वेळ बंद राहतं हेही त्यांनी ठासून सांगितलं. मूल लहान असलं तरी भेंड्यांना बसवावंच, यावर एकमत झालं. तोवर ती दोन्ही लहान मुलं काचेवर फुंकर मारून तिच्यावर बोटाने गणपती काढत होती आणि या दोघांना त्यांचा पत्ताही नव्हता.

पुढून एकाएकी हॉर्न वाजले. सतरंज्या गोळा झाल्या, दारं लागली, चिरंजीवांना पुन्हा पट्ट्यांत अडकवलं आणि ती ०४ बघता बघता चार गाड्यांच्या पुढे निघून गेली. चिरंजीवांनी भोकाड पसरलं. मी म्हटलं, आता मामांना काम मिळालं. तर मामा खिशातून फोन काढत म्हणाले, "रडू नकोस सोन्या. नंबर घेऊन ठेवलाय."

मोबाइलबंदीचं काय, असं बायकोने विचारलं. "हा बघायचा नाही, ऐकायचा आहे," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. अशा रीतीने माणगाव ते पोलादपूर आमच्या गाडीत दोन गाड्यांची माणसं प्रवास करत होती. पहिली दहा मिनिटं मुलं बोलली. तिच्याकडे मांजर आहे, याच्याकडे नाही, याला जगबुडी माहीत आहे, तिला नाही, इथवर येऊन त्यांचं बोलणं संपलं. मग काका म्हणाले, "गावांच्या भेंड्या घ्यायच्या का?"

कोकणच्या रस्त्यावर गावांच्या भेंड्या खेळणं हे जिवावरचं काम आहे. कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर अशी सरळ गावं असली की "र"वर "र" देत माणूस निवांत चालतो. इथे पेण, चिपळूण, मालवण, खारेपाटण. नाहीतर वडखळ, कुडाळ. जिथे बघावं तिथे "ण" नाहीतर "ळ", आणि त्यावरून सुरू होणारं गाव त्रिभुवनात नाही. लोणेऱ्याला पहिला तंटा झाला. काका म्हणाले, "ण"ला "न" चालतो. मामा म्हणाले, आमच्यात चालत नाही, "ण" आणणारा जिंकला. महाडला सावित्रीवर चिरंजीवांनी बोट दुमडायचं ते राहूनच गेलं, कारण मामा तेव्हा डहाणूने डाव उलटवण्याच्या बेतात होते. पोलादपुरात आईने, जपमाळ हातात तशीच ठेवून, फोनच्या दिशेने वाकून "ळ"ला "ल" धरायचा असा निर्णय दिला आणि तो दोन्ही गाड्यांना मान्य झाला.

कशेडीच्या बोगद्यात शिरलो आणि फोन कटला. दोन किलोमीटरच्या आसपासचा बोगदा. घाट चढायचा होता तेव्हा मामांची या टप्प्यावर खरी परीक्षा असायची. हल्ली त्यांना सरळ रस्ता मिळतो आणि आम्हाला दोन मिनिटं शांतता. मी आरशात पाहिलं. चिरंजीव मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपले होते. बहुधा महाडच्या आधीच.

बोगद्याच्या तोंडाशी उजेड दिसला तसा मामांनी फोन लावला.

"हॅलो, काका? ऐकू येतंय? मालवण! ण!"

"मालवण म्हणजे न. नेरूर!" पलीकडून आवाज आला. "आमची बया झोपली हो, पोलादपुरालाच."

"आमचाही झोपलाय."

"अहो दादा, मग हळू बोला ना," बायको म्हणाली.

"हळूच बोलतोय!" मामा ओरडले, आणि माझ्या खांद्यावर थाप पडली. "भावोजी, र आलाय. तुमची पाळी."

"रस्ता," मी म्हणालो.

"गावाचं नाव हवं," फोनमधून काकांनी हरकत घेतली.